कोंडाजीच्या दाखल्याची पाठ

मी एक जुनी लॅमिनेशनची मशीन आहे. वडगावात कचेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर राजेश्वरीताईंचे झेरॉक्सचे दुकान आहे. त्या दुकानातल्या लोखंडी कपाटाच्या डोक्यावर मी राहते. माझ्या अंगावर एक रिकामा खोका, खोक्यावर गेल्या वर्षीचे कॅलेंडर आणि त्या सगळ्यावर धूळ, असा माझा संसार आहे. खाली दिवसभर माणसांची ये-जा चालू असते, पण वर कोणी पाहत नाही. मित्रांनो, तुम्ही आज वर पाहिलेत, तर जरा थांबा. मला कितीतरी दिवसांत कोणाशी बोलता आलेले नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. गाव कोणते ते मला ठाऊक नाही, कारण मला जाग आली तेव्हा मी थर्माकोलच्या दोन ठोकळ्यांमध्ये घट्ट बसलेली होते. माझ्या पोटात दोन रबरी रूळ आहेत आणि तापणारी एक पट्टी आहे. तोंडाजवळ दोन दिवे आहेत. लाल दिवा लागला म्हणजे वीज आली आणि हिरवा लागला म्हणजे मी तापले. कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून माझ्या तोंडात द्यायचा. मी त्याला उबेतून फिरवून मागून बाहेर काढते आणि तोवर पाकीट कागदाला असे चिकटते की पाणी, वाळवी, हाताचा मळ, कशाचीच भीती राहत नाही. काम लहानच आहे, पण ते मी मन लावून करत असे.

ताईंनी मला आणले तेव्हा आधार कार्डांचे दिवस होते. लांबलचक कागदावरून कार्ड कापायचे आणि माझ्याकडे द्यायचे. रांग पार शेजारच्या चहाच्या टपरीपर्यंत जायची. लोणावळ्याच्या एका चिक्कीवाल्याचे भावपत्रक मी केले, पवनानगरला तंबू लावून पाहुणे ठेवणाऱ्यांची जेवणाची यादी केली. एका गृहस्थांनी तर मुलीची लग्नपत्रिकाच लॅमिनेट करून घेतली होती. मुलगी सासरी गेल्यावर ती भिंतीवर लावायची होती म्हणे. त्या काळी ताई सकाळी आल्या की आधी माझे बटण दाबायच्या आणि मग देवाला उदबत्ती लावायच्या. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

पण मित्रांनो, खरे सांगू का? त्या गर्दीतही मी एकटीच होते. कागद माझ्यापाशी वीसेक सेकंद थांबतो. तेवढ्यात मी त्याच्यावरचे नाव, गाव, जन्मतारीख, सगळे वाचते आणि मला त्या माणसाबद्दल माया वाटू लागते, तोच तो पलीकडून बाहेर पडतो आणि कोणाच्या तरी पिशवीत जातो. हजारो लोकांची नावे मला पाठ आहेत, पण त्यांच्यातल्या एकालाही मी आठवत नसेन. शेजारच्या झेरॉक्सच्या मशीनचा तोरा मात्र मोठा. मोठ्या घरची सून असल्यासारखी ती मध्यभागी बसते. तिला एक गोष्ट जमत नाही. तिच्या काचेवर कागद पालथा पडतो, म्हणून तिला त्याची एकच बाजू दिसते. माझ्या रुळांमधून जाताना मला दोन्ही बाजू कळतात.

दहा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात बहिरू नावाचे एक गृहस्थ दुकानात आले. आंदर मावळात डोंगरावर कारवीची वाडी म्हणून ठाकर आदिवासींची छोटी वस्ती आहे, तिथले ते. थोडी भातखाचरे होती आणि उरलेले महिने आंबी गावातल्या एका कारखान्यात माल चढवायचे, उतरवायचे काम होते. दोन तास चालून आणि पुढे जीप धरून ते आले होते. बरोबर त्यांची चौथीतली मुलगी उज्ज्वला होती. खताच्या पोत्याच्या आतली प्लॅस्टिकची पिशवी धुऊन त्यांनी तिच्यात घरातले सगळे कागद आणले होते. त्यांच्या वाडीवर पावसाळ्यात भिंतींना आतून पाणी सुटते. दोन वर्षांपूर्वी शाळेचे छप्पर उडाले आणि शाळेतली जुनी रजिस्टरे भिजून त्यांचा लगदा झाला होता. ते पाहिल्यापासून बहिरूभाऊंनी ठरवले होते की आपले कागद तरी जपायचे. इतका काळजीवाहू बाप मी त्या दिवसांत दुसरा पाहिला नाही.

त्यांनी कागद एकेक करून ताईंच्या हातात दिले. रेशन कार्ड झाले, सातबारा झाला. शेवटी दोन कागद उरले. एक होता त्यांच्या वडिलांचा, म्हणजे कोंडाजीचा, शाळा सोडल्याचा दाखला. फार जुना, घड्यांवर विरलेला. दुसरे होते उज्ज्वलाचे प्रमाणपत्र. आसपासच्या शाळांच्या केंद्रातल्या हस्ताक्षर स्पर्धेत तिचा पहिला नंबर आला होता. पिशवीतले पैसे संपत आले होते, म्हणून त्यांनी विचारले की हे दोन्ही एकाच पाकिटात पाठीला पाठ लावून बसतील का. एका बाजूने आजा दिसेल, दुसऱ्या बाजूने नात.

ताईंना ती कल्पना आवडली. असे त्यांनी आधीही बऱ्याच जणांचे केले होते. दाखला पाकिटात सरकवताना त्या म्हणाल्या की याच्या मागे काहीतरी लिहिले आहे. बहिरूभाऊंनी मान तिरकी करून पाहिले. कोणीतरी मास्तरांनी गिचमिड केली असेल, असे म्हणून त्यांनी ते सोडून दिले. दोघांनी ते पाहिले आणि दोघेही विसरले. मग ते पाकीट माझ्याकडे आले आणि मी ते मनापासून, कडेकडेपर्यंत बंद केले.

त्या पाठीवर काय होते ते मी वाचले होते. जांभळ्या शाईतल्या चार ओळी, खाली सही आणि एक गोल शिक्का. त्यानंतर ते वाचायला कोणाला मिळणार नव्हते. तेव्हा मला त्यात काही गैर वाटले नाही. उलट उज्ज्वलाने ते पाकीट दोन्ही बाजूंनी उलटसुलट करून पाहिले आणि माझ्याकडे बघून हसली, एवढेच मला पुष्कळ वाटले.

पुढे दिवस बदलले. कागद मोबाइलमध्ये राहू लागले. दाखल्यांवर मोबाइलने वाचायचे काळ्या ठिपक्यांचे चौकोन आले आणि लॅमिनेशन करू नका अशा पाट्या ठिकठिकाणी लागल्या. माझे गिऱ्हाईक आधी निम्मे झाले, मग आठवड्याला एखादे, मग तेही नाही. माझ्या एका रुळाला खाच पडली. एकदा मी एका हॉटेलची जेवणाची यादी गिळून आतच गुंडाळून टाकली. ताई चिडल्या, त्यांनी चिमट्याने ती ओढून काढली आणि मला कपाटावर ठेवून दिले. मला वाटले होते की दोन दिवसांत राग जाईल.

तशी चार वर्षे गेली. मग गेल्या पावसाळ्याच्या शेवटी, एका मंगळवारी, बहिरूभाऊ पुन्हा दुकानात आले. केस पांढरे झाले होते. बरोबर एक उंच, सावळी मुलगी होती, पाठीवर सॅक, हातात फाइल. ती बोलेपर्यंत मला ओळखू आली नाही. ती उज्ज्वला होती. वसतिगृहात राहून बारावी झालेली, दोनदा मेडिकलची प्रवेश परीक्षा दिलेली, आणि दुसऱ्या खेपेला लांबच्या एका खासगी मेडिकल कॉलेजात जागा मिळालेली. कारवीच्या वाडीतून कोणी डॉक्टर होणे तर दूरच, दवाखान्यात न्यायचे तरी माणसाला डोलीत घालून खाली आणावे लागते. ती बातमी ऐकून मला इतका आनंद झाला की मी वरच्या वर थरथरले असते, पण माझी वायर काढलेली होती.

पण ती दोघे पेढे घेऊन आलेली नव्हती. उज्ज्वलाने फाइल उघडून ताईंना सगळे नीट सांगितले. आदिवासी मुलांचे खासगी कॉलेजातले शिक्षण शुल्क सरकार भरते. मुलाने ते भरायचे नसते. त्यासाठी नुसता जातीचा दाखला पुरत नाही, तो दाखला खरा आहे असे पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. तिने अर्ज दीड वर्षापूर्वी केला होता. तिच्या बाकीच्या कागदांबद्दल समितीची तक्रार नव्हती. आजोबांच्या दाखल्यात जातीचा रकाना कोरा होता, तिथे सगळे अडले होते. त्रुटीचे पत्र आले होते. गुरुवारी पुण्यात सुनावणी होती आणि शनिवारी प्रवेशाची शेवटची तारीख. शनिवारपर्यंत वैधता हातात आली नाही तर शुल्क स्वतः भरायचे, नाहीतर जागा सोडायची.

ताईंनी शुल्काचा आकडा विचारला. उज्ज्वलाने तो सांगितला. आकडा लाखांतला होता.

"सगळ्या शिक्षणाचा व्हय?" बहिरूभाऊंनी विचारले.

"एका वर्षाचा, आबा," उज्ज्वला म्हणाली.

बहिरूभाऊ दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले आणि रस्त्याकडे पाहत राहिले. ताईंनी ते पाकीट हातात घेतले, दाखल्याची बाजू पुन्हा पुन्हा वाचली. नाव होते, जन्मतारीख होती, इयत्ता चौथी पास असे होते. जातीसमोर 'हिंदू' एवढेच लिहून पुढे मोकळी जागा. त्यांनी शाळेचे विचारले. उज्ज्वलाने रजिस्टरांच्या लगद्याची हकीकत सांगितली.

मित्रांनो, त्या वेळी माझे काय झाले असेल याची कल्पना करा. मला पाठीवरच्या त्या चार ओळी जशाच्या तशा आठवत होत्या. त्या कोऱ्या रकान्याचे उत्तर दोन कागदांच्या मध्ये, ताईंच्या बोटांपासून कागदाच्या जाडीएवढ्या अंतरावर होते. ते आत मीच कोंडले होते. जगात ते ठाऊक असलेली मी एकटी, आणि मला तोंड असून आवाज नाही. मी आयुष्यभर एकटी राहिले, पण त्या दिवसाइतकी कधीच नाही.

ताईंनी एक मार्ग सुचवला. उज्ज्वलाची आजी हयात होती. तिचे प्रतिज्ञापत्र करू, आम्ही पिढ्यानपिढ्या ठाकरच आहोत असे ती सांगेल, अंगठा देईल, ते जोडू. त्याने किती काम होईल याची त्यांना खात्री नव्हती, पण रिकाम्या हाताने सुनावणीला जाण्यापेक्षा बरे. दुसऱ्या दिवशी सकाळी आजीला घेऊन यायचे ठरले.

बुधवारी दुकान उघडल्याबरोबर ती तिघे आली. आजीचे नाव चिंगी. एवढीशी, वाळलेली, डोक्यावर पदर, पाय चिखलाने भरलेले. पहाटे अंधारातच डोंगर उतरून आली होती. तिने पाय बाहेरच्या नळावर धुतले, मग आत येऊन खुर्चीवर न बसता जमिनीवर बसली. ताईंनी खूप आग्रह केला, तेव्हा कुठे खुर्चीच्या टोकावर टेकली. ताईंनी मजकूर टाइप केला, वाचून दाखवला. शाईचा पॅड पुढे केला. अंगठा द्यायच्या आधी चिंगीआजीने मालकाचा कागद एकदा बघायला मागितला. मालक म्हणजे कोंडाजी, तिचा नवरा. तो जाऊन बरीच वर्षे झाली होती, आणि कागद पेटीत बंद असल्यामुळे तिने तो मधल्या काळात पाहिला नव्हता.

उज्ज्वलाने पाकीट तिच्या हातात दिले. आजीला वाचता येत नव्हते. तिने प्लॅस्टिकवरून बोटे फिरवली, मग ते उलटे केले, परत सुलटे केले, परत उलटे केले.

"ह्याची पाट कुटं गेली?" तिने विचारले.

उज्ज्वला म्हणाली की आजी, मागे माझे प्रमाणपत्र लावलेय, हस्ताक्षराचे. आजीने मान हलवली. ते नव्हे, ती म्हणाली, मालकाच्या कागदाच्या पाठीवर गोल शिक्का होता, तो कुठे आहे. आणि मग तिने त्या शिक्क्याची गोष्ट सांगितली. लग्नाला वर्षही झाले नव्हते. कोंडाजीला धरणाच्या कामावर मुकादमाच्या हाताखाली घेणार होते, पण तिथल्या साहेबाने दाखला परत दिला, जात लिहिलेली नाही म्हणून. दोघे नवराबायको मास्तरांकडे गेले. पुढे जागा आखूड आहे, म्हणून मास्तरांनी सगळे मागे लिहिले आणि शिक्का मारला. मास्तरांना द्यायला म्हणून तिने टोपलीत कोंबडी नेली होती. मास्तर लिहीत होते तेवढ्यात कोंबडीने शाळेच्या ओसरीवर अंडे घातले. मास्तरांनी कोंबडी परत दिली आणि अंडे पोरांना दाखवायला ठेवून घेतले.

"तवाचं मला ध्यानात हाय," चिंगीआजी म्हणाली. "आमी दोगं हसत हसत डोंगर चढलो."

बहिरूभाऊ भिंतीला टेकून उभे होते ते हळूहळू खाली बसले. त्यांनी कपाळाला हात लावला. ताईंनी जीभ चावली. दोघांनाही एकदमच आठवले असावे.

"म्याच घातलं त्ये आत," बहिरूभाऊ म्हणाले. "एक पाकीट वाचावं म्हणून."

आता पाकीट उघडायचे कसे, हा प्रश्न होता. ओढले तर साठ वर्षांचा कागद प्लॅस्टिकबरोबर सोलून येणार. ताईंनी कोणत्या तरी व्हिडिओत पाहिले होते की लॅमिनेशन पुन्हा गरम केले की गोंद मऊ होतो आणि प्लॅस्टिक सुटते. त्या एकदम उठल्या, स्टुलावर चढल्या, खोका बाजूला केला, आणि चार वर्षांनी माझ्या अंगाला माणसाचा हात लागला.

त्यांनी मला पुसले. वायर जोडली. लाल दिवा लागला. मित्रांनो, खोटे कशाला सांगू, पहिल्या क्षणी मी सगळे विसरले. मला फक्त एवढेच कळत होते की माझी आठवण झाली, चार माणसे माझ्याभोवती उभी आहेत आणि माझ्या हिरव्या दिव्याची वाट पाहत आहेत. इतक्या माणसांनी माझ्याकडे एकाच वेळी कधी टक लावून पाहिले नव्हते, आधारच्या रांगेतसुद्धा.

मग मला माझ्या रुळाची खाच आठवली. त्या खाचेपायीच मी यादी गिळली होती. हा तर विरलेला, घड्यांवर तुटायला आलेला कागद. मी तो आत घेतला असता तर त्याचे तुकडेच बाहेर आले असते. आणि गरज तरी काय होती? पाकिटाचा गोंद कागदांच्या बाहेरच्या बाजूंना लागतो. पाठीला पाठ लावलेल्या दोन कागदांच्या मध्ये गोंद नसतोच. कडेला चिकटलेली नुसत्या प्लॅस्टिकची पट्टी तेवढी कापली की दोन्ही कागद आपोआप सुटणार होते. हे मला ठाऊक होते, कारण ते मीच चिकटवले होते. ताईंना मात्र घाईत ते सुचत नव्हते.

पाच मिनिटे झाली. हिरवा दिवा लागला नाही. ताईंनी बटण बंद केले, परत चालू केले. माझ्या पाठीवर दोन थापा मारल्या. दहा मिनिटे झाली. त्यांनी तोंडाशी हात धरून पाहिला. मी गारच होते. आतली पट्टी जळून गेलेली होती की वायर तुटली होती, मला सांगता येणार नाही. मी मुद्दाम तापले नाही, असे म्हणून मी मोठेपणा घेणार नाही. मशीनला तेवढी मुभा नसते. पण मला तापता आले नाही याचा मला आयुष्यात पहिल्यांदा आनंद झाला, आणि तो मी कोणाला सांगू शकले नाही.

"ऐन वेळेला दगा दिला बघा," ताई म्हणाल्या आणि मला बाजूला सरकवले.

दुरुस्तीवाला तळेगावला होता आणि तो दुपारी येणार होता. तेवढा वेळ नव्हता. ताई नाइलाजाने कात्री शोधू लागल्या. कापायचे तर कुठून, हे कोणाला समजेना. त्या वेळी चिंगीआजीने पाकीट डोळ्यांजवळ नेले आणि कडेवरून नख फिरवले. कडेला नुसते प्लॅस्टिक आहे, कागद नाही, ते तेवढे काप, ती म्हणाली. ताईंनी कात्री कडेला लावली आणि परत मागे घेतली. उज्ज्वलाने कात्री आपल्या हातात घेतली. तिने खिडकीजवळ जाऊन एक बाजू कापली, अगदी बारीक, मग दुसरी, मग तिसरी. मग फटीत हलकेच फुंकर मारली. वालाची शेंग उकलावी तसे ते पाकीट उघडले.

जांभळी शाई जशीच्या तशी होती. दहा वर्षे उजेड नाही, वारा नाही, हात नाही. उज्ज्वलाने मोठ्याने वाचले. विद्यार्थ्याची जात हिंदू ठाकर असून दाखला देतेवेळी रकाना भरावयाचा राहिला, रजिस्टर पाहून खात्री करून लिहिले आहे, रजिस्टरचा नंबर, तारीख, सही. खाली गोल शिक्का. शिक्का पाहिल्यावर चिंगीआजीने त्याच्यावर बोट ठेवले आणि बराच वेळ उचलले नाही. बहिरूभाऊ उघड उघड रडत होते आणि ताई त्यांना पाण्याचा ग्लास देत होत्या.

मग आजीने दुसरा कागद उलटा केला, उज्ज्वलाचे प्रमाणपत्र. त्याची पाठ पांढरी, स्वच्छ होती.

"हिच्या पाटीवर अजून काय लिवलं न्हाई," ती म्हणाली.

पुढचे मी ऐकीव सांगते, कारण ते पुण्यात घडले आणि मला तेव्हा पुन्हा कपाटावर ठेवले गेले होते. गुरुवारी समितीपुढे बसलेल्या बाईंनी दाखला उलटा करून पाहिला, शाईवरून बोट फिरवले, त्या शाळेच्या शिक्क्याचे दुसरे जुने कागद मागवून ताडून पाहिले. ज्यांचे प्रवेश अडले होते त्या मुलांची प्रकरणे ते लोक आधी हातात घेत होते. शुक्रवारी संध्याकाळी वैधता आली. शनिवारी दुपारी ताईंच्या फोनवर उज्ज्वलाचा फोन आला आणि ताईंनी तो सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा लावला.

"ताई, पावती हातात आहे," ती म्हणाली. "शिक्षण शुल्कापुढे शून्य लिहिलंय."

ताई म्हणाल्या की आता अक्षर सांभाळ बाई, डॉक्टर झाल्यावर हस्ताक्षर स्पर्धेचे प्रमाणपत्र परत मागतील. दुकानात दोन गिऱ्हाइके होती, तीही हसली. झेरॉक्सच्या मशीनचासुद्धा दिवा लुकलुकला. मी वर अंधारात होते. फोन ठेवल्यावर दुकान पुन्हा आपल्या कामाला लागले.

आठ दिवसांनी बहिरूभाऊ आले. हातात नवी फाइल, फाइलमध्ये ते वैधता प्रमाणपत्र, कोरे करकरीत. त्यांनी ते ताईंपुढे ठेवले आणि जरा लाजत म्हणाले की हा कागद फार महत्त्वाचा, आमचे घर पावसाचे, तेवढे लॅमिनेशन करून द्या. ताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी हसू दाबत समजावले की भाऊ, याच्यावर पुढे कोण शिक्का मारेल, कोण सही करेल, काही सांगता येते का. कागद जपायचा असेल तर असा ठेवा की काढताही आला पाहिजे. ताईंनी त्यांना झिपची एक जाड पिशवी दिली, आत तांदळाची पुरचुंडी ठेवायला सांगितली ओल धरू नये म्हणून, आणि पैसे घेतले नाहीत. ते मान हलवत गेले. त्यांची चूक मला चूक वाटत नाही. त्यांना जे जिवापाड हवे होते, ते त्यांना हातांनी घट्ट धरून ठेवायचे होते, आणि मीही जन्मभर तेच करत आले.

परवा कोणीतरी दुकानात लॅमिनेशन विचारायला आले होते. ताईंनी वर बोट दाखवले. "होती एक मशीन," त्या म्हणाल्या. "पण बंद आहे. एकदा एका पोरीचं आयुष्य अडलं होतं, तेव्हा ऐन वेळेला तापलीच नाही." गिऱ्हाईक च्च च्च करून निघून गेले.

मित्रांनो, मी ताईंना दोष देत नाही. त्यांना जे दिसले ते त्या सांगतात. तुमच्याकडे माझे मागणे थोडेच आहे. घरातला जुना कागद हातात घ्याल तेव्हा तो उलटूनही बघा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, तिला वाचता येत नसले तरी. आणि बंद पडलेली एखादी वस्तू टाकून द्यायला निघालात, तर ती बंद पडली म्हणून चिडण्याआधी, ती नेमकी कधी बंद पडली, एवढे एकदा आठवून पाहा.